परीक्षा सक्तीची नाही, तरी द्यायची का? अमेरिकेत होमस्कूलिंग सुरू करणाऱ्या मराठी पालकांसाठी

होमस्कूलिंग सुरू केलं की सहा महिन्यांच्या आत भारतातून एक प्रश्न येतोच. माझ्या सासूबाईंनी तो रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विचारला: "अगं, पण हिची परीक्षा कोण घेतं?" आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथला कायदा एवढंच म्हणतो, की मुलाला शाळेच्या तोडीचं शिक्षण मिळालं पाहिजे, मग ते शाळेबाहेर का असेना. परीक्षेची सक्ती नाही. खरं उत्तर "कुणीच नाही, आई" असं होतं. ते काही माझ्या तोंडून निघेना. त्याच संध्याकाळी मी एक प्रमाणित परीक्षा (सगळ्या मुलांना एकाच पद्धतीने देऊन एकाच मापाने तपासतात ती) मागवून टाकली, काहीही विचार न करता. पैसे गेले, मुलगी कंटाळली, आणि आलेला अहवाल मला वाचताच आला नाही. त्यानंतर दोनदा घेतली, ती मात्र उपयोगी पडली. तुमचं पहिलं वर्ष माझ्यासारखं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी आपलं राज्य बघा

होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय इथे परीक्षेची अट नाही. टेक्सासात तर १९९४च्या लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खाजगी शाळाच, असा निकाल दिला. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात घर घेतलंत की चित्र बदलतं: तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीत परीक्षा द्यावीच लागते. नॉर्थ कॅरोलायनात दरवर्षी. जॉर्जियात तिसरीच्या शेवटापासून दर तीन वर्षांनी. न्यू यॉर्कमध्ये दरवर्षी मूल्यमापन द्यावं लागतं, आणि ते परीक्षेने केलं तर मूल ३३व्या पर्सेंटाइलच्या वर असावं किंवा वर्षभराची प्रगती दिसावी. व्हर्जिनियात परीक्षेचा मार्ग घेतला तर चौथा स्टॅनाइन गाठावा लागतो. (पर्सेंटाइल आणि स्टॅनाइन म्हणजे काय, ते खाली येतंच.)

कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुम्ही स्वतः खाजगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरून शिकवत असाल तर परीक्षा नाही. पण एखाद्या चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) नाव घालून घरी शिकवत असाल, तर कागदोपत्री तुमचं मूल सरकारी शाळेतलं आहे आणि राज्याच्या परीक्षा त्यालाही लागू होतात. हा फरक पालकांच्या गप्पांमध्ये हमखास हरवतो. नियम बदलतातही, म्हणून राज्याच्या शिक्षण विभागाचं पान स्वतः उघडून वाचा. व्हॉट्सॲपवर कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, माझ्यावरही नको.

पुढचं सगळं, परीक्षा ऐच्छिक आहे असं धरून.

मग कागदावर एक प्रश्न लिहा

मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं नाही. परीक्षा मागवण्याआधी एक ओळ लिहायची: या निकालातून मला काय कळायला हवंय? ती ओळ लिहिता येत नसेल तर परीक्षा या वर्षी नको.

चांगले प्रश्न असे असतात. "गणित आम्ही आमच्या क्रमाने शिकवतोय. इथल्या चौथीच्या मुलांच्या मानाने काही मोठं राहून तर गेलं नाही ना?" किंवा "पुढच्या वर्षी शाळेत घालायचं म्हणतोय, तेव्हा दाखवायला बाहेरचा एखादा कागद हवा." किंवा "मुलगा बारा वर्षांचा झाला, अजून वेळ लावून एकही पेपर सोडवलेला नाही. सवय व्हावी."

आणि हा वाईट प्रश्न, माझाच: "सासूबाईंना काय सांगू?" त्यासाठी परीक्षा लागत नाही. मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवून आजीला एक धडा मोठ्याने वाचून दाखवायला लावला, ते जास्त परिणामकारक ठरलं.

आणखी एक प्रश्न असतो, जरा नाजूक. मूल वाचताना फार अडखळतं, अक्षरं उलटसुलट करतं, आणि आईला मनातून शंका आहे. अशा वेळी ही परीक्षा मागवू नका. तिचा आकडा कमी येईल, आणि कमी का आला ते मात्र सांगणार नाही. त्यासाठी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ गाठा, किंवा आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे लेखी अर्ज करून तपासणी मागा. मूल शाळेत जात नसलं तरी अर्ज करता येतो.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे: तिसरीच्या आधी नको. पहिली-दुसरीच्या परीक्षेत बरेचसे प्रश्न मोठ्या माणसाने वाचून दाखवायचे असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाचा निकाल त्या दिवशीच्या झोपेवर आणि नाश्त्यावर हलतो.

कोणती परीक्षा

नावं बरीच आहेत, पण घरी देण्यासाठी सहसा चार-पाचांतूनच निवड होते.

आयोवा ही जुनी, आयोवा विद्यापीठात वाढलेली परीक्षा. वेळ लावून घेतात. वेळेची सवय हवी असेल तर ही. स्टॅनफर्ड १०ला वेळेचं बंधन नाही. हळू पण नीट काम करणाऱ्या मुलाला ती मानवते, आणि आमच्या घरी शेवटी तीच टिकली. कॅट, म्हणजे कॅलिफोर्निया अचीव्हमेंट टेस्ट, स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण विकली जाणारी आवृत्ती आणि तिची मानकं (म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते गुण) कोणत्या सालची आहेत ते आधी विचारा. काही ठिकाणी मिळणारी आवृत्ती कित्येक दशकं जुनी असते, आणि तुमच्या मुलीची तुलना मग तुमच्याच पिढीतल्या मुलांशी होते. मॅप ग्रोथ संगणकावर असते: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. इयत्तेच्या फार पुढे किंवा फार मागे असलेल्या मुलाचा अंदाज तिच्यात बरा येतो. वुडकॉक-जॉन्सन ही समोरासमोर बसून, प्रशिक्षित परीक्षकाने घ्यायची. खर्च जास्त, पण ज्या मुलाला गोल काळे करत दोन तास बसवत नाही त्याच्यासाठी तीच बरी.

मराठी घरांत जॉन्स हॉपकिन्सच्या सीटीवायचं नाव फार निघतं. ती गोष्ट वेगळी आहे. तो हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम आहे आणि तिथे त्यांची निवड होते. "कुठे काही राहिलंय का" या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही.

मागवताना दोन गोष्टी तपासा. आयोवासारख्या काही परीक्षांसाठी घेणाऱ्याकडे निदान पदवी हवी अशी अट पुरवठादार घालतात. कॅटला सहसा घालत नाहीत. आपल्याकडे पदवीचा तुटवडा नाही, पण पुणे किंवा नागपूर विद्यापीठाचं प्रमाणपत्र चालतं का ते पैसे भरण्याआधी मेल करून विचारा. दुसरं, विज्ञान आणि समाजशास्त्राचे विभाग बहुधा वगळता येतात. वगळाच. तुम्ही या वर्षी शिवकाल शिकवला असेल आणि पेपरात अमेरिकेच्या वसाहती असतील, तर त्या आकड्यातून काय कळणार?

इयत्ता निवडताना मूल वयाने जिथे बसतं तीच इयत्ता घ्या, आणि मानकांचा हंगाम जुळवा. मार्च-एप्रिलमध्ये घेत असाल तर वसंतातली मानकं. शरदातली लावली तर मूल उगीच हुशार दिसेल.

तयारी: चार दिवस पुरे, पण आपल्या घरातले खड्डे बुजवा

सराव पुस्तिका एक घ्या. उत्तराचा गोल कसा काळा करायचा, ओळ चुकली तर काय, येत नसलेला प्रश्न सोडून पुढे कसं जायचं, एवढं चार दिवसांत होतं. त्यापुढची शिकवणी करू नका. पुस्तिका घोकून आलेला आकडा तुमच्या कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही.

मराठी घरांचे स्वतःचे असे काही खड्डे मात्र आहेत. मुलाला विषय येत असतो, तरी गुण जातात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषेच्या पेपरात एक अख्खा भाग कॅपिटल अक्षरांचा असतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. ज्या मुलाने आधी बाराखडी गिरवली त्याला महिन्यांची आणि वारांची नावं मोठ्या अक्षराने का सुरू करायची हे आपोआप समजत नाही. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी तिथेच सगळ्यात जास्त प्रश्न घालवले. दोन दुपारी बसून नियम समजावले, प्रश्न मिटला.

स्पेलिंग. आपण ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलो. 'कलर'मध्ये यू घालतो, 'सेंटर'चा शेवट आरई असा करतो. भारतातून आणलेली गोष्टींची पुस्तकंही तसंच लिहितात. अमेरिकन पेपरात "चुकीचं स्पेलिंग शोधा" म्हटल्यावर मूल नेमकं त्यातच अडकतं. त्याला सांगा, की आजोबांचं स्पेलिंग चूक नाही, पण या पेपरापुरतं इकडचं वापरायचं.

मापं. बालभारतीच्या पुस्तकातून गणित करत असाल तर सेंटिमीटर, लिटर, किलो पक्कं असतं. पेपरात इंच, फूट, पौंड, कप, पाइंट, क्वार्ट, गॅलन येतात. नाण्यांचं गणितही येतं: निकल, डाइम, क्वार्टर. कार्डाने सगळी खरेदी करणाऱ्या घरातल्या मुलाने डाइम हातात धरलेलं नसतं. डब्यात चिल्लर टाकून दुकान-दुकान खेळा. मोठ्या संख्यांत स्वल्पविरामही वेगळा पडतो. आपला लाख १,००,००० असा लिहितात, इकडे १००,०००. तारखेत महिना आधी येतो. थर्मामीटर फॅरनहाइटचा.

आणि शब्दसंग्रह. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला 'खलबत्ता' माहीत असतो, पण इंग्रजी घरात रोज कानावर पडणारे बारीकसारीक शब्द माहीत नसतात. वाचनाचे गुण पहिल्या एक-दोन वर्षांत त्यामुळे थोडे मागे राहू शकतात. यावर उपाय म्हणून घरात इंग्रजी बोलायला लागू नका, एवढी विनंती. रात्री इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा, त्याने भरून निघतं.

परीक्षेचे दिवस

सगळे पेपर एका दिवसात उरकायची घाई नको. सकाळी दोन, फार तर तीन विभाग, असं तीन-चार दिवस. ज्या दिवशी गणपती बसतात किंवा मुंजीला जायचंय ते दिवस सोडा.

सूचना पुस्तिकेत जशा छापल्यात तशाच, शब्द न बदलता वाचायच्या. मराठीत समजावून सांगायचा मोह होतो. सूचना समजली नसेल तर पुस्तिकेत परवानगी असेल तेवढीच पुन्हा सांगा, पेपरातला प्रश्न मात्र अजिबात समजावायचा नाही. खरा त्रास चेहऱ्याचा. मुलं पेपराकडे कमी आणि आईच्या भुवयांकडे जास्त बघतात. मी दुसऱ्या वर्षापासून एका मैत्रिणीशी अदलाबदल केली: तिचा मुलगा माझ्याकडे, माझी मुलगी तिच्याकडे. दोघंही शहाण्यासारखी बसली. अदलाबदल करण्याआधी पुरवठादाराला विचारा, परीक्षकाचं नाव आधी नोंदवावं लागू शकतं. पेपरचे फोटो काढू नका आणि पुढच्या वर्षासाठी प्रत ठेवू नका. मागवताना तुम्ही तशी सही केलेली असते.

अहवाल: इथेच सगळे घसरतात

पाकीट आलं, उघडलं, गणितासमोर ६८ दिसलं, आणि माझ्या नवऱ्याचं तोंड उतरलं. "अडुसष्ट? फर्स्ट क्लासच्या थोडंच वर?" दहावीचं मार्कशीट बघत मोठी झालेली आपली पिढी. कुठलाही आकडा दिसला की डोक्यात टक्केच येतात.

ते टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं. ६८ म्हणजे त्याच इयत्तेच्या, वर्षाच्या त्याच काळात तपासलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६८ मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्यापुढे. किती प्रश्न बरोबर आले ते यातून कळतच नाही. पन्नास म्हणजे 'काठावर पास' नाही, तो बरोबर मधला आकडा आहे. शंभर कधीच दिसणार नाही. या अहवालांत पर्सेंटाइल ९९वर संपतं.

सीईटी आणि जेईईमुळे हल्ली भारतातही पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी माहीत झालाय, आणि त्यानेच एक नवा गोंधळ होतो. सीईटीत तुलना त्या वर्षी परीक्षेला बसलेल्यांशी होते, तिथे दशांश असतात आणि शंभर पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो पेपरात छापून येतात. इथे तुलना होते ती परीक्षा तयार करताना काही वर्षांपूर्वी तपासलेल्या नमुना गटाशी. 'नंबर' हा प्रकारच नाही. आजी विचारतील "कितवी आली?", त्याला उत्तर नाही.

स्टॅनाइन म्हणजे हीच उतरंड नऊ पायऱ्यांत. पाच मधली, चार ते सहा सरासरी, सातपासून वर सरासरीपेक्षा पुढे. पाचव्या पायरीत ४० ते ५९ पर्सेंटाइल एकत्र येतात, चौथी २३पासून सुरू होते. मला हा आकडा आवडतो, कारण तो उगीच बारीक फरक दाखवत नाही. दुसऱ्या वर्षी मुलीचं वाचनाचं पर्सेंटाइल ७१वरून ६६वर आलं तेव्हा मी रात्रभर तळमळले. स्टॅनाइन दोन्ही वर्षी सहाच होतं. तीसेक प्रश्नांच्या विभागात एक-दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले की पर्सेंटाइल एवढं हलतं.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे 'ग्रेड इक्विव्हॅलंट'. तिसरीच्या मुलासमोर ६.२ लिहिलेलं येतं आणि घरात पेढे वाटायची तयारी होते: आमचा बंड्या सहावीचं गणित करतो! तसं नाही. त्याचा अर्थ असा, की सहावीच्या दुसऱ्या महिन्यातल्या साधारण मुलाला हाच तिसरीचा पेपर दिला तर त्याला जेवढे गुण मिळतील तेवढे बंड्याला मिळाले. बंड्याने अपूर्णांकांचा भागाकार पाहिलेलाही नसेल. या एका आकड्यावर मुलाला दोन इयत्ता पुढे ढकलणारे पालक मी पाहिलेत. पुढे काय होतं ते तुम्हाला कळेलच.

मग बघायचं काय? एकूण आकडा सोडा, खालचे उपविभाग बघा, आणि त्यातही बाकीच्यांपासून फटकून असलेला एखादाच. आमच्याकडे गणिताच्या तर्काचे गुण चांगले होते आणि आकडेमोडीचे फार खाली. म्हणजे मुलीला समजत होतं, हात चालत नव्हता. त्या वर्षी रोज दहा मिनिटं पाढे आणि हातचे. एवढीच कृती त्या अख्ख्या अहवालातून निघाली, आणि ती एकटी परीक्षेचे पैसे वसूल करून गेली. अहवालातून एकाहून जास्त गोष्टी सुधारायला घेतल्यात तर घराची शाळा होईल, ज्यातून तुम्ही बाहेर पडलात.

मुलाला निकाल सांगायचा का? मोठ्या मुलांना सांगा, आकडे दाखवून, वर लिहिलंय तसं समजावून. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला "आता आपण पाढे जरा जास्त करूया" एवढं पुरे. भावंडांचे अहवाल शेजारी शेजारी कधीच ठेवू नका.

भारतात परत जायचं असेल तर

हा अहवाल भारतातल्या शाळेत प्रवेशाचा हक्क देत नाही, पण फाइलमध्ये असावा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २००९चा शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गाची भाषा करतो आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी घ्यायला मनाई करतो. तरी खाजगी शाळेच्या कार्यालयात "मागच्या शाळेचा दाखला?" असं विचारलं जातं, तेव्हा बाहेरच्या संस्थेचा छापील कागद टेबलावर ठेवता आला की बोलणं पुढे सरकतं. परत जाऊनही घरीच शिकवणार असाल तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी आहे: किमान वय १४, माध्यमांत मराठीही, आणि विषय बरेचसे आपण निवडायचे. ती मात्र पास-नापासची खरी बोर्डाची परीक्षा. वर सांगितलेल्या परीक्षांत नापास होणं नसतंच.

हायस्कूल जवळ आलं की

इथून पुढे 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ पातळ होत जातो. घरच्या गुणपत्रिकेवर आईची सही असते, त्यामुळे बाहेरचा आकडा कॉलेजला बघावासा वाटतो. सॅट, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिची नोंदणी, ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर, स्वतःच करता येते. शाळेचा कोड विचारतात तिथे होमस्कूलचा ९७०००० घाला. २०२४च्या वसंतापासून अमेरिकेत सॅट संगणकावरच होते, तेव्हा सराव कागदावर करण्यात अर्थ नाही.

पीएसएटी (सॅटच्या आधीची सरावाची परीक्षा) आणि एपी (हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या परीक्षा) यांचं तसं नाही. त्यांना एखाद्या शाळेने आपल्याकडे बसू द्यावं लागतं. पीएसएटी ऑक्टोबरात असते, आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीतलीच धरतात. एपीची परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणी आदल्या नोव्हेंबरातच आटोपते. बाहेरच्या मुलाला घ्यायचं की नाही हे ती शाळा ठरवते, आणि आमच्या भागातल्या पहिल्या दोन शाळांनी मला नाही म्हणून सांगितलं. तिसरीने घेतलं. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधीच, काउन्सेलर जागेवर असतात तोवर, आसपासच्या चार-पाच शाळांना फोन करून ठेवा, आणि जे बोलणं होईल ते लगेच मेलवर लिहून घ्या.